मंडळीतील बालकसेवा : आधी घर, मग वर्ग

शास्त्रभाग : अनुवाद ६:४-९, मार्क १०:१३-१६, प्रेषितांची कृत्ये १६:१-३, २ तीमथ्य १:३-७.

पाठाचा मुख्य विचार : बालकांची सेवा म्हणजे त्यांच्या घराची सेवा होय. ज्या मंडळीस मुलांचा वर्ग आहे, पण मुलांच्या घरांची ओळख नाही, तिची योजना अर्धीच झाली आहे.



जून महिन्यात शाळा उघडल्या की गावोगावच्या मंडळ्यांत शाब्बाथ शाळेच्या नव्या वर्षाची बोलणी सुरू होतात. पुस्तक कोणते घ्यावे, शिक्षक किती लागतील, बक्षिसांस पैसे कोठून आणावेत, हे प्रश्न पुढे येतात. हे सर्व प्रश्न योग्य आहेत. तथापि त्यांच्या आधीचा एक प्रश्न आपण बहुधा विचारीतच नाही. आपल्या वर्गात येऊन बसणारे मूल कोणत्या घरातून उठून आले आहे, आणि वर्ग सुटल्यावर ते कोणत्या घरात परत जाणार आहे? आठवड्याचे तास १६८ आहेत. त्यांतील एक तास आपल्यापाशी, बाकीचे बहुतेक घरापाशी. तेव्हा घरास वगळून केलेली योजना किती टिकेल, याचा विचार या पाठात करावयाचा आहे. गुहागर तालुक्यातील अनुभव डोळ्यांपुढे ठेवून मी लिहीत आहे; ज्याने त्याने आपल्या गावास लागू पडेल ते घ्यावे.

१. आपल्याकडचे घर

गुहागर तालुक्याच्या उत्तरेस वाशिष्ठीची दाभोळ खाडी, दक्षिणेस शास्त्री नदीची जयगड खाडी आणि पश्चिमेस समुद्र. या पट्ट्यात ख्रिस्ती घरे थोडी व विखुरलेली आहेत. कोणी शिक्षक म्हणून घाटावरून बदलून आलेले, कोणी परिचारिका, कोणी अंजनवेलच्या वीजप्रकल्पाच्या निमित्ताने आलेले. तो प्रकल्प १९९० च्या दशकात उभा राहू लागला, २००१ मध्ये बंद पडला आणि २००५ मध्ये नव्या कंपनीकडे गेला. असल्या प्रत्येक घडामोडीबरोबर कुटुंबे येतात आणि जातात. आज वर्गात आठ मुले आहेत, म्हणून पुढल्या वर्षी आठच असतील असे नाही.

दुसरी गोष्ट कोकणच्या रीतीची. पुरुषाने मुंबईस जावे आणि घर बायकांनी राखावे, ही रीत गिरण्यांच्या काळापासून चालत आली आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या, पण ही रीत मोडली नाही. आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत बाप गणपतीस, शिमग्यास आणि मे महिन्यात येतो. मुलाचा अभ्यास, आजारपण, हट्ट व रुसवा हे सारे आई आणि आजी यांच्या पदरी असते. मूल सोळा वर्षांचे झाले की तेही बापाच्या वाटेने मुंबईस निघते. म्हणजे आपल्या मंडळीस ते मूल जेमतेम दहाबारा वर्षे लाभते.

तिसरी गोष्ट ऋतूंची. जून-जुलैत लावणी असते आणि पाऊस असा कोसळतो की वाडीतून वाडीत जाणे कठीण होते. एप्रिल-मे हा आंबा-काजूचा हंगाम. किनाऱ्यावरच्या घरांची वर्षाची मोजणी मासेमारीच्या हंगामावर चालते. शहरात छापलेली वर्षाची पाठमाला या दिनक्रमाशी जुळत नाही, यात पाठमालेचा दोष नाही. ती आपल्या वर्षात बसविण्याचे काम आपले आहे.

२. शास्त्र काय शिकविते

अनुवादाच्या सहाव्या अध्यायात देवाच्या आज्ञा मुलांस शिकवा असे सांगितले आहे, हे आपण जाणतो. पण ते कोठे व केव्हा शिकवावे, याकडे लक्ष द्या. घरात बसलेले असता, वाटेने चालत असता, निजताना आणि उठताना. तेथे पाठशाळेचा उल्लेख नाही. दाराच्या चौकटीचा मात्र आहे. मोशेने हे सर्व इस्राएलास उद्देशून सांगितले, म्हणजे सर्व समाजाने प्रत्येक घरास या कामी उभे करावे असा त्याचा रोख आहे. मंडळीचे काम घराऐवजी शिकविण्याचे नाही. घरास शिकविता यावे म्हणून त्यास बळ देण्याचे आहे.

मार्काच्या दहाव्या अध्यायात लोक बालकांस प्रभूकडे आणतात आणि शिष्य त्यांस दटावतात. त्या आणणाऱ्यांची नावे शास्त्राने दिलेली नाहीत. परंतु लहान मुले आपल्या पायांनी आली नसतील, कोणाच्या तरी कडेवर आली असतील. शिष्यांनी दटावले ते त्या कडेवर घेणाऱ्यांस. प्रभू रागावला तो यासाठी. आजही आपण मुलास 'ये' म्हणतो आणि त्याच्या आईस दाराबाहेर उभी ठेवतो, तेव्हा शिष्यांचीच चूक पुन्हा करतो.

तीमथ्याचे घर तर आपल्या कोकणातल्या घरासारखेच आहे. आजी लोईस, आई युनीके, या दोघींच्या विश्वासाची आठवण पौल करून देतो. बाप हेल्लेणी होता, एवढेच प्रेषितांची कृत्ये सांगते. त्याच्या विश्वासाविषयी शास्त्र मुग्ध आहे. ज्या घरात बाप दूर आहे, किंवा असून नसल्यासारखा आहे, त्या घरातूनही देवाने मंडळीचा एक पाळक घडविला. मात्र पौल त्या आजीस व आईस ओळखत होता, त्यांची नावे त्यास ठाऊक होती. आपल्या वर्गातील किती मुलांच्या आजींची नावे आपणांस सांगता येतील?

३. आपल्याच किनाऱ्याचा इतिहास

गुहागर तालुक्यातील धोपाव्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडून दाभोळास उतरले की दापोली तालुका लागतो. त्याच्या किनाऱ्यावर हर्णै, आणि आणखी उत्तरेस मंडणगड तालुक्यात बाणकोट. या दोन बंदरांवर महाराष्ट्रातील एक जुने मिशनकार्य सुरू झाले. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे डोनाल्ड मिचेल बाणकोटास आले आणि त्याच वर्षी निवर्तले. त्यांच्या मागून जेम्स मिचेल, अलेक्झांडर क्रॉफर्ड, जॉन कूपर, जॉन स्टीव्हन्सन हे आले, आणि १८२७ मध्ये रॉबर्ट नेस्बिट आले. मुंबईत पुढे नावारूपास आलेले डॉ. जॉन विल्सन व त्यांची पत्नी मार्गारेट यांनीही १८२९ मध्ये मराठीचे पहिले धडे याच किनाऱ्यावर गिरविले.

या मंडळींनी गावोगाव मुलांच्या शाळा काढल्या. अक्षरओळख नसलेल्या मुलांस लिहिणेवाचणे आले, हा उपकार लहान नव्हे. परंतु बाप्तिस्मा घेणारे फारच थोडे निघाले, आणि काही वर्षांत कार्याचा भार पुणे व मुंबई यांकडे सरकला. याची कारणे अनेक असतील. परकी माणसे, अपुरी भाषा, आजार व मृत्यू, समाजाचा धाक. त्या सर्वांचा विचार करूनही मला वाटते की एक कारण आपल्या पाठाशी निगडित आहे. मूल शाळेत एका जगात बसे व घरी दुसऱ्या जगात परते, आणि या दोन जगांमध्ये ये-जा करणारा माणूस क्वचितच कोणी होता. मी त्या थोर माणसांस दोष देत नाही. त्यांनी जे परक्या देशात, प्राण पणास लावून केले, ते आपण आपल्या गावात राहून करीत नाही, हा दोष आपला आहे.

याच दापोली तालुक्यातील दोन घरांकडे आता पाहा. दापोलीच्या मिशन हायस्कुलात जे अनेक विद्यार्थी शिकून गेले, त्यांत महामहोपाध्याय पां. वा. काणे होते व साने गुरुजीही होते. साने गुरुजी पालगडचे. मिशनच्या शाळेने त्यांस विद्या दिली, यात संशय नाही. पण १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात बसून त्यांनी आपल्या घडणीची कथा लिहिली, तेव्हा त्या पुस्तकास नाव दिले ते आईचे. शाळेतील धडे तुरुंगात आठवले असतील वा नसतील. घरातील धडे आठवले.

दुसरे घर करजगावचे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८६१ मध्ये तेथे जन्मले. त्यांची आई जानकीबाई प्रेमळ व काव्याची आवड असलेली होती. ती लवकर गेली. पण फुलांमुलांचे कवी म्हणून ज्यांस महाराष्ट्र ओळखतो, त्यांच्या हृदयात तिने पेरलेले पुढे उगवले. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईस झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधली पाच वर्षे त्या घराने काय सोसले, हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांस ठाऊक आहे. आणि तेच घर पुढे अनाथ मुलांस आसरा देणारे झाले. टिळकांची भजने आज आपण गातो. ती उपासनामंदिरात गाण्याजोगी आहेत, तशीच ओटीवर बसून गाण्याजोगीही आहेत, हे विसरू नये.

इतर देशांतही हाच धडा दोन टप्प्यांनी शिकला गेला. १७८० मध्ये इंग्लंडातील ग्लॉस्टर येथे रॉबर्ट रेक्स यांनी कामकरी मुलांसाठी रविवारची शाळा काढली, आणि त्या शाळेचे अनुकरण जगभर झाले. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १८७६ मध्ये, त्याच देशात मेरी समनर यांनी मातांचा संघ स्थापिला. कारण आईबापांस त्यांच्या कामाची जाणीव व आधार दिल्यावाचून मुलांचे शिक्षण पांगळे राहते, हे त्यांस दिसले. मूल आणि घर हे दोन दुवे जोडण्यास तेथे शंभर वर्षे लागली. आपणांस तितकी वाट पाहण्याचे कारण नाही.

४. एक कबुली

हे मी पुस्तकांतून शिकलो असे सांगितले तर ते खरे होणार नाही. सेमिनरीत असताना धडा कसा आखावा, चित्रे कशी लावावी, प्रश्न कसे विचारावे, हे सर्व मी मन लावून शिकलो होतो. आणि या भागात आल्यावर वर्ग नेटका चालविला. हजेरीची वही चोख होती. एक मुलगा मला फार प्रिय होता. आठ वर्षे तो नियमाने आला. कितीतरी वचने त्यास मुखोद्गत होती, आणि नाताळच्या कार्यक्रमात पहिले बक्षीस बहुधा तोच घेई. सोळाव्या वर्षी तो मुंबईस नोकरीस गेला. मी त्यास निरोप दिला, प्रार्थना केली, आणि वहीत त्याच्या नावापुढे रेघ ओढली.

तीन वर्षांनी चिपळूणच्या एस.टी. स्थानकावर तो मला भेटला. मी विचारले, "मुंबईस कोणत्या मंडळीत जातोस?" तो म्हणाला, "कुठेच नाही, पाळकसाहेब." मी गप्प राहिलो, तेव्हा त्यानेच पुढे सांगितले. बाप दारूत बुडालेला होता, घरावर कर्ज होते, रात्री आई त्यास घेऊन शेजाऱ्यांच्या पडवीत निजत असे. "वचने मला पाठ होती," तो म्हणाला, "पण घरी गेल्यावर ती कुणाला सांगणार? तुम्ही आठ वर्षांत एकदाही आमच्या घरी आला नाहीत. आला असता तर मला वाटलं असतं की देव पण आमच्या घरी येतो."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. गाडी लागली आणि तो गेला. मी घरी येऊन हजेरीची वही उघडली. तीत त्या मुलाच्या चारशेच्या आसपास रविवारांच्या खुणा होत्या. पण त्याच्या आईचे नाव नव्हते, घराची वाट नव्हती, बापाविषयी एक अक्षर नव्हते. माझी वही चोख होती आणि माझे काम खोटे होते. त्यानंतरच्या आठवड्यात मी त्याच्या आईकडे गेलो. उंबऱ्याशी उभी राहून ती म्हणाली, "या, पाळकसाहेब. बसा." इतकेच. आठ वर्षांचा उशीर झाल्याबद्दल तिने एक शब्दही काढला नाही. त्या दिवसापासून मी ही योजना बांधू लागलो. ती पूर्ण झाली असा माझा दावा नाही.

५. योजना कशी बांधावी

पहिले, कुटुंबवही. हजेरीच्या वहीआधी ही वही करावी. एका घरास एक पान. घरात कोण कोण आहेत, त्यांची वये, मूल कोणत्या शाळेत जाते, बाप कोठे असतो व केव्हा येतो, सायंकाळी घरी मोठे माणूस कोण असते, घरी कोण वाचू शकते, आजारी कोण आहे, हे लिहावे. ही माहिती विचारपूस म्हणून घ्यावी, चौकशी म्हणून नव्हे. आणि वही पाळकाच्या वा एका वडिलाच्या कुलुपात राहावी. दर तीन महिन्यांनी पंचांनी बसून एकेक पान उघडावे आणि प्रत्येक घरास्तव प्रार्थना करावी. दहाबारा घरांच्या मंडळीस हे अवघड नाही. अशा लहान मंडळीचा हाच मोठा लाभ आहे की तीत कोणीही हरवू नये.

दुसरे, घरभेट. वर्ग सुरू करण्यापूर्वी शिक्षकाने प्रत्येक मुलाच्या घरी एकदा जावे, आणि वर्षातून निदान तीनदा. जाताना तक्रार नेऊ नये. मुलाविषयी एक चांगली गोष्ट न्यावी. थोडे बसावे, चहा घ्यावा, आजीशी बोलावे, लहानशी प्रार्थना करावी व उठावे. बहुत वेळ बसून उपदेश केल्याने पुढची भेट अवघड होते.

तिसरे, दिवेलागणीची प्रार्थना. घरोघर रोज दहा मिनिटे पुरेत. एक लहान शास्त्रभाग, एक भजन, आणि घरातील प्रत्येकाने एकेक वाक्याची प्रार्थना. आई वाचू शकत नसेल तर मुलाने वाचावे व आईने समजावून सांगावे. याने दोघांचाही मान राहतो. रविवारी वर्गात जी गोष्ट सांगितली असेल, तीच त्या आठवड्यात घरी वाचली जावी, अशी चिठ्ठी मुलाच्या हाती द्यावी. भ्रमणध्वनी बहुतेक घरांत आहे. दूर असलेल्या बापाने त्यावरून आठवड्यातून एकदा या प्रार्थनेत सामील व्हावे. मुंबईच्या खोलीतून बापाने मुलाचे नाव घेऊन केलेली एक वाक्याची प्रार्थना मुलास जे शिकविते, ते आपल्या वर्षभराच्या पाठांनीही साधणार नाही.

चौथे, रविवारचा वर्ग. लहान मंडळीत वयाप्रमाणे चार वर्ग होणे शक्य नसते. दोन करावेत: सुमारे दहा वर्षांपर्यंतची एकत्र, त्यापुढची एकत्र. लहानांस गोष्ट, गाणे आणि हाताने काही करणे यांतून शिकवावे. मोठ्यांस प्रश्न विचारू द्यावे, आणि ज्याचे उत्तर येत नाही त्यास 'मला ठाऊक नाही, आपण शोधू' असे म्हणण्याची लाज धरू नये. वचने पाठ करवून घ्यावीत, त्यात माझा विरोध नाही. पण प्रत्येक वचनाबरोबर हा प्रश्न असावा की, हे तू घरी कोणास सांगशील? बक्षीस एकट्या मुलास न देता घरास द्यावे. एक दिवा, एक शास्त्राची प्रत, भिंतीवर लावण्याजोगी तसबीर, असे काही.

पाचवे, वर्षाचा आराखडा. तो आपल्या ऋतूंप्रमाणे असावा. पावसाळ्यात दूरच्या वाड्यांतील मुलांस एकत्र बोलाविण्याचा आग्रह धरू नये. त्या दोन महिन्यांत दोनतीन शेजारघरांचा मेळा कोणा एकाच्या ओटीवर भरवावा. दिवाळीच्या सुट्टीत मोठ्या मुलांसाठी एक दिवस ठेवावा. नाताळात नाटुकली व गाणी आहेतच. त्यांत आईबापांसही भूमिका द्याव्या. मे महिन्यात चाकरमानी घरी येतात, तेव्हा पाच दिवसांची सुट्टीची शाळा ठेवावी. मात्र सकाळी आंबे उतरविण्याची वेळ सोडून सायंकाळी. त्या पाच दिवसांतील एक संध्याकाळ केवळ बापांसाठी असावी. त्यांच्यापुढे व्याख्यान देऊ नये. त्यांस विचारावे: मुलापासून दूर राहणे तुम्हांस कसे वाटते? पहिल्या वर्षी कोणी बोलणार नाही. दुसऱ्या वर्षी बोलतील.

सहावे, निरोप आणि स्वाधीन करणे. ज्या मुलास शिक्षणासाठी वा नोकरीसाठी गाव सोडावे लागते, त्याच्याविषयी मंडळीने दोन कामे करावीत. उपासनेत त्यास पुढे बोलावून आईबापांसह त्याच्यासाठी प्रार्थना करावी; आणि ते जेथे जाणार तेथील मंडळीच्या पाळकास आधी पत्र लिहावे, फोन करावा, आणि शक्य तर एखाद्या कुटुंबाचे नाव मागून घ्यावे, ज्यांच्या घरी ते मूल पहिल्या रविवारी जेवेल. पुढे वर्षभर दर महिन्यास कोणीतरी त्याची खुशाली विचारावी. वहीत त्याच्या नावावर रेघ ओढू नये. आपली मुले समुद्रात सोडलेल्या होड्यांसारखी जातात. बंदर सोडताना पलीकडच्या बंदराचे नाव आपण त्यांस सांगितले आहे काय?

सातवे, खर्च. या योजनेस पैसा थोडा लागतो. वह्या, चिठ्ठ्या, एस.टी.चे भाडे, सुट्टीच्या शाळेतील खाऊ, एवढेच. हा खर्च मंडळीने आपल्या दानातून करावा, बाहेरून मागू नये. ज्याच्यासाठी आपण स्वतः काही देत नाही, ते काम आपले होत नाही.

६. मुलांचे रक्षण

या बाबतीत पूर्वीच्या मंडळ्या भाबडेपणाने वागल्या, आणि कित्येक ठिकाणी त्याची किंमत मुलांनी मोजली. आता अज्ञान हे निमित्त चालणार नाही. लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाचा कायदा, ज्यास 'पोक्सो' म्हणतात, २०१२ मध्ये झाला. त्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे, आणि अशा अपराधाची माहिती ज्यास कळली त्याने ती पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे; न कळविणे हाही अपराध होय. पाळक, वडील, शिक्षक, कोणीही यातून मोकळा नाही. मंडळीची अब्रू राखण्यासाठी गोष्ट दाबणे हे पाप आहे आणि गुन्हाही आहे.

म्हणून हे नियम लिहून भिंतीवर लावावेत. वर्गावर नेहमी दोन मोठी माणसे असावीत. कोणीही एका मुलास एकटे घेऊन बंद खोलीत बसू नये. घरभेटीस जाताना जोडीने जावे. मुलास मारू नये, लाजवू नये. मुलांची छायाचित्रे आईबापांच्या परवानगीवाचून कोठेही पाठवू नयेत. नव्या शिक्षकास, तो कितीही गोड बोलणारा असो, पंचांनी चौकशी केल्यावाचून वर्ग देऊ नये. आणि १०९८ हा बालकांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक मुलास पाठ असावा. वचनांबरोबर हाही पाठ करवून घ्यावा. मुलाने काही सांगितले तर पहिला शब्द 'खोटे बोलू नकोस' हा नसावा. 'तू सांगितलेस हे बरे केलेस' हा असावा.

७. शेजारची मुले

आपल्या सुट्टीच्या शाळेत गाणी ऐकून शेजारची मुलेही येतात. त्यांचे स्वागत आनंदाने करावे. परंतु त्यांच्या आईबापांस सांगितल्यावाचून, त्यांची संमती घेतल्यावाचून त्यांस बसवू नये. आपल्या संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदाने मान्यताप्राप्त वा सरकारी मदत घेणाऱ्या शाळांतील धर्मशिक्षणाविषयी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. ती अट आपल्या ओटीवरील वर्गास लागू नसली, तरी तिच्यामागील न्याय आपणही मानावा. कायद्याच्या भीतीने नव्हे, तर या पाठाच्या मुख्य विचारामुळेच. मुलास घरापासून वेगळे करून त्याची सेवा होत नाही, हे जर आपण आपल्या मुलांविषयी मानतो, तर शेजाऱ्याच्या मुलाविषयी निराळा नियम कसा लावावा? त्याच्या आईबापांस आपण उघडपणे सामोरे गेलो तर शेजारधर्म वाढतो. चोरून केलेल्या सेवेने तो तुटतो, आणि प्रभूचे नाव बदनाम होते.

समारोप

बंधुभगिनींनो, ही योजना मोठी नाही. तीत नवी इमारत नाही, दुरून आणलेला वक्ता नाही. एक वही, काही पायपीट, दिवेलागणीचे दहा मिनिटे, आणि एक पत्र. पण यांतील प्रत्येक गोष्ट कोणीतरी स्वतः उठून करावी लागते, म्हणून ती टळत राहते. मी ती आठ वर्षे टाळली.

ज्या मुलाविषयी वर लिहिले, तो अद्याप मुंबईसच आहे. तो पुन्हा मंडळीत येऊ लागला असे लिहिता आले असते तर मला आनंद झाला असता. तसे अजून झालेले नाही. मात्र त्याच्या आईच्या पडवीत आता दर शुक्रवारी सायंकाळी तीन घरांची प्रार्थना होते, आणि त्या वेळी ती मुलास फोन लावून फोन पाटावर ठेवते. तो काही बोलत नाही. पण फोन बंदही करीत नाही. आम्ही भजन म्हणतो, आणि तो पलीकडे ऐकतो.

वर्गात विचारविनिमयासाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीतील प्रत्येक मुलाच्या घरी मागील वर्षात कोण व किती वेळा गेले? नावे घेऊन सांगा.

२. तीमथ्याच्या घरी बापाच्या विश्वासाविषयी शास्त्र काही सांगत नाही. अशा घरांतील आईस व आजीस आपली मंडळी कोणते साहाय्य करू शकेल?

३. मागील पाच वर्षांत गाव सोडून गेलेल्या तरुणांची यादी करा. त्यांपैकी किती जण आज कोणत्या मंडळीत आहेत, हे आपणांस ठाऊक आहे काय? ज्यांचे ठाऊक नाही, त्यांस या आठवड्यात कोण पत्र लिहील?

४. मुलांच्या रक्षणाचे कोणते नियम आपल्या मंडळीत आज पाळले जातात, आणि कोणते नाहीत? जे नाहीत ते कोणत्या रविवारपासून पाळावयाचे, हे आजच ठरवा.